बुडू न दिलेली होडी

सांगितलेला विनोद फसला की आमचे सर तो पुन्हा सांगत. पुन्हा म्हणजे अगदी पहिल्यापासून. "थांबा, मघाशी मी 'तेव्हा' म्हणालो, तिथे 'तेवढ्यात' हवं होतं," असं म्हणून खुर्ची मागे सरकवायची, घसा साफ करायचा आणि तोच विनोद नव्याने सुरू करायचा. आम्ही सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टेस्टिंग विभागातली सात-आठ पोरंपोरी हातातला घास हातातच धरून ऐकत बसायचो. दुसऱ्यांदाही कोणी हसायचं नाही. क्वचित तिसरी फेरी व्हायची आणि तेव्हा मात्र हसू फुटायचं, पण ते विनोदाला नसायचं आणि हे त्यांना बरोबर कळायचं. "चुकीच्या कारणाने हसलात," एवढं बोलून ते डब्याला झाकण लावायचे.

ते जाऊन आता चार वर्षं झाली. जाण्याआधी बरेच दिवस मी त्यांना भेटले नव्हते, याचं मला वाईट वाटतं. त्यांची मी जेवढी टिंगल केली तेवढी दुसऱ्या कुणाचीही केलेली नाही, आणि ती करण्याची माझी लायकी नव्हती हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

मी यवतमाळहून पुण्यात नोकरीला आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. सॉफ्टवेअर कंपन्यांना माणसं कमी पडत होती आणि ज्याला कीबोर्ड उलटा-सुलटा कळतो त्याला घेत होते. त्या भरतीत हेही आले होते, एक्कावन्नाव्या वर्षी. त्याआधीची अठ्ठावीस वर्षं त्यांनी पिंपरीकडच्या एका कारखान्यात तयार माल तपासण्यात घालवली होती. कारखान्याने माणसं कमी करायला काढली तेव्हा ह्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, कॉलेजच्या पोरांबरोबर बसून संगणकाचा कोर्स केला आणि पुन्हा तपासनीसच झाले. फक्त लोखंडाऐवजी पडदा आला. पाठीमागे आम्ही त्यांना 'इन्स्पेक्टर' म्हणायचो, समोर 'सर'.

त्यांचे दोषअहवाल कंपनीत हातोहात फिरायचे. एकदा एका स्क्रीनबद्दल त्यांनी लिहिलं होतं, "बटण दाबले. काहीही झाले नाही. बटण शोभेचे असल्यास तसा उल्लेख करावा." ज्याचं बटण होतं तो पोरगा दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी ते स्वतः त्याच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "वाक्य जरा कडक झालं. मी ते दुरुस्त करून आणलंय." दुरुस्त वाक्य असं होतं: "बटण सुंदर आहे."

माझ्या बोलण्यावरही त्यांचं काम चालू असे. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "काय करून राहिले, सर?"

"करून राहिलो नाही. करतोय. परत विचारा."

"काय करताय, सर?"

"आता सांगतो. काही नाही."

कारखान्यातला एक शब्द ते जपून घेऊन आले होते: रिवर्क. तयार झालेला नग मापात बसला नाही तर त्याच्या दोन वाटा. सुधारण्यासारखा नसेल तर रिजेक्ट, म्हणजे थेट भंगारात. सुधारण्यासारखा असेल तर रिवर्क, म्हणजे परत मशीनवर. आपल्या हाताखालचा भंगाराचा ढीग सगळ्या कारखान्यात लहान होता, हे ते अभिमानाने सांगत. कुठलीही गोष्ट भंगारात जाऊ द्यायची नाही, परत मशीनवर चढवायची, हा त्यांचा स्वभाव होता की अठ्ठावीस वर्षांत लागलेली सवय, हे मला कधी कळलं नाही. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणायच्या, स्वभावच. त्यांच्या लग्नात हार घालताना तो काकूंच्या नथीत अडकला. ह्यांनी सोडवला, परत हातात घेतला आणि भटजींना म्हणाले, मंगलाष्टकं पुन्हा म्हणा. भटजी म्हणाले, "अहो, मुहूर्त एकच असतो." शेवटी फोटोवाल्याच्या आग्रहाचं निमित्त करून हार तेवढा पुन्हा घातला गेला. "आमचं लग्न सव्वा वेळा झालंय," असं काकू सगळ्यांना सांगत.

तर अशा माणसाच्या हाती व्हिडिओ गेम पडला.

बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून कुणीतरी आणलेली ती सीडी होती. एका सीडीत बरेच गेम, त्यातला एक ह्यांना आवडला. समुद्रातल्या ओसाड किल्ल्यात एक माणूस अडकलाय. भुयारं, कुलपं, कंदील, आणि अंधारात त्याच्या मागावर असलेलं एक जनावर. तो गेम मी खोलीवर मैत्रिणीबरोबर खेळले होते. त्या जनावराचा नुसता श्वास ऐकू आला तरी आम्ही दोघी एकमेकींचा दंड आवळून धरायचो. जेवणाच्या सुट्टीत, डबा संपवून, हात पुसून सर रोज अर्धा तास तो खेळायला लागले.

पण खेळायचे कसे, तर दोन पावलं टाकायची आणि आहे त्या जागेची नोंद करून ठेवायची. त्या गेममध्ये तशी सोय होती. मेलं तर पहिल्यापासून यायला नको, शेवटच्या नोंदीपासून पुढे जायचं. आम्ही दोघी ती दिवसाकाठी एकदा वापरायचो, झोपायला जाताना. सर दर अर्ध्या मिनिटाला वापरत. त्यांच्या नोंदींना नावं असत: 'दारापूर्वी', 'दारानंतर', 'दारानंतर परंतु दिवा विझण्यापूर्वी'. डावीकडचं भुयार घेतलं की परत मागे येऊन उजवीकडचंही बघायचं, कुठलं बरं ते ठरवायचं, मग पुढे. कंदिलाचं तेल थोडं जास्त जळलं तरी मागे. जनावर मागे लागलं की पळता पळता नोंद, चार पावलांवर पुन्हा नोंद. त्यांच्या पडद्यावर ते भयंकर जनावर एक पाय उचलून ताटकळत उभं असे. घाबरायला वावच उरला नव्हता.

एकदा मी विचारलं, "सर, मजा येते का हो तुम्हाला?"

"मजा नंतर. अजून काम चालू आहे."

"पण शेवट कधी बघणार?"

"सगळं बरोबर झालं की शेवट येईलच ना."

माझा संताप व्हायचा. मी उतावळी आहे, तेव्हा तर फारच होते. आणि एका शुक्रवारी, ते मीटिंगला गेले असताना, मी त्यांच्या मशीनवर बसून त्या सगळ्या नोंदी पुसून टाकल्या. शेवटची एकच ठेवली. मला वाटलं, मागे जायची वाटच बंद केली की माणूस पुढे जाईल. ते आले, बसले, बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. ओरडले नाहीत, कुणाला विचारलं नाही. मग त्यांनी ती उरलेली शेवटची नोंदही स्वतः पुसली आणि किल्ल्याच्या पहिल्या दारापासून सुरुवात केली. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. मी दोन टेबलं पलीकडे बसून हे बघत होते आणि मला स्वतःची लाज वाटली, पण उठून सांगायचं धाडस झालं नाही.

त्यानंतर वर्षभराने काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, बोलणं आलं, पाय ओढत का होईना चालायला लागल्या. उजवा हात मात्र गेल्यासारखा झाला. बोटं मुठीत वळलेली. काकू म्हणजे पेठेतल्या महिला मंडळांच्या कॅरम स्पर्धांतलं मोठं नाव. राणी आणि तिच्यावरचं कव्हर एका दमात घेणाऱ्या म्हणून त्यांची ख्याती होती, आणि तरी त्या जिंकलेल्या डावांपेक्षा हरलेली एक फायनल जास्त रंगवून सांगायच्या. तोच हात गेला होता. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "पुढचे तीन-चार महिने महत्त्वाचे. बोटांना आत्ता जे शिकवाल ते राहील. नंतर ती ऐकत नाहीत." मऊ चेंडू दाबायला दिला होता. काकूंनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्यांच्या मांजराला खेळायला दिला.

सर माझ्याकडे आले. "एखादा सोपा गेम आहे का? बायकांना जमेल असा?"

"मी बाईच आहे, सर."

"वाक्य मागे घेतो. हिला जमेल असा आहे का?"

माझ्याकडे होता. एका होडीत दोन माणसं, नदीतून समुद्रापर्यंत जायचं. डावं वल्हं एकाने मारायचं, उजवं दुसऱ्याने, एकाच कीबोर्डवर. दोघांची लय जमली तर होडी सरळ जाते, नाही तर गोल फिरते, खडकावर आपटते, बुडते. मी त्यांच्याच सदाशिव पेठेत दोन गल्ल्या सोडून राहायचे. रविवारी सकाळी जाऊन त्यांच्या संगणकावर तो घालून दिला. सर डावीकडे बसले, त्यांचा डावा हात कीबोर्डच्या डाव्या टोकाला. काकू उजवीकडे, त्यांची वळलेली बोटं मी उलगडून बाणाच्या बटणांवर ठेवली.

पहिल्या दिवशी काकूंचं बोट बटणावर नुसतं पडायचं, उचलायचं नाही. आठवडाभराने उचलायला लागलं. काकूंच्या डोळ्यांत कॅरमच्या पाटासमोर असेल तसं काहीतरी आलं होतं. होडी दुसऱ्या वळणावर पोचली त्या दिवशी त्यांनी मला शिरा केला होता, म्हणजे सरांना करायला लावला होता आणि चूक काढली होती.

पण मी दर रविवारी जायचे, त्यामुळे मला एक गोष्ट दिसत होती. काकूंचं बोट जरा उशिरा पडलं, होडी तिरकी झाली, खडक समोर आला, की ती आपटायच्या आत सरांचा मोकळा उजवा हात वर जायचा आणि मागच्या नोंदीवर नेणारं एफ नाइन बटण दाबायचा. की होडी मागच्या वळणावर. खडक नाही, काही नाही. "रिवर्क," ते हळूच म्हणायचे. काकू पुन्हा वल्हं मारायच्या. पुन्हा तिरकी. पुन्हा एफ नाइन. एकाच वळणावर पंधरा-वीस वेळा. सरांच्या मनात तिला वाईट वाटू नये एवढंच होतं, हे मला दिसत होतं. आणि काकू प्रत्येक वेळी थोड्या अधिक गप्प होत होत्या, हेही दिसत होतं.

एका रविवारी त्यांनी बोट बटणावरून काढून घेतलं. "अहो, मी किती वेळा चुकले?"

"एकदाही नाही."

"मग हे काय चाललंय मघापासून?"

"होडी कुठे बुडलीय अगं? एकदाही बुडू दिलेली नाही."

काकू माझ्याकडे वळल्या. "लहानपणी आम्ही लपंडाव खेळायचो ना, तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीला कच्चं लिंबू करायचो. म्हणजे ती खेळायची, पळायची, लपायची, पण तिला कोणी आउट करायचं नाही. तिच्यावर राज्य यायचं नाही. पकडली तरी सोडून द्यायचं. तिला वाटायचं, आपण खेळतोय." मग त्या सरांना म्हणाल्या, "मला कच्चं लिंबू केलंयत तुम्ही."

"असं नाही गं."

"डॉक्टरांनी हात गेला म्हणून सांगितलं तेव्हासुद्धा मला एवढं वाईट वाटलं नव्हतं." त्या उठल्या आणि भिंतीला धरून आत गेल्या.

त्यानंतर काकू खेळायला बसल्या नाहीत. चेंडूही नको, खेळही नको. व्यायामाच्या बाई येऊन परत जायच्या. जी बोटं उचलायला लागली होती ती तीन आठवड्यांत पुन्हा मुठीत गेली.

सर ऑफिसात येत होते, अहवाल लिहीत होते. किल्ल्याचा गेम त्यांनी उघडला नाही. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलापाशी आले आणि उभेच राहिले.

"एक काम होतं. ते एफ नाइन बंद करता येईल? कायमचं?"

"सर, तुम्ही दाबू नका ना. झालं."

"जमत नाही." त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. "मी ठरवून बसतो, आज दाबायचं नाही. पण बोट आधी जातं. मी मागून पोचतो."

मी त्या माणसाला इतकी वर्षं ओळखत होते, पण आपलं काही चुकतंय हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांचे डोळे भरले होते.

"बंद करून उपयोग होणार नाही, सर," मी म्हणाले. "तुम्ही दुसरी वाट काढाल. पहिल्यापासून सुरू कराल."

"हो," ते म्हणाले. "तुम्ही एकदा करून बघितलं होतंत. आमच्या नोंदी पुसून."

मी पार ओशाळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"त्या दिवशी तुम्ही तीनदा विचारलंत, 'सर, डबा का नाही खाल्ला?' एरवी कधी विचारता का?" मग म्हणाले, "राग नव्हता आला. तुम्ही पुसलंत तेव्हा क्षणभर बरंच वाटलं होतं. पण मग पुढे जायची भीती वाटली."

मी बटण बंद केलं नाही. त्या रविवारी मात्र न बोलावता गेले आणि काकूंसमोर जाऊन बसले. ऑफिसातलं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, 'बोट आधी जातं' हेसुद्धा. सर खिडकीपाशी पेपर उघडून उभे होते. पान काही उलटत नव्हते. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"बोट आधी जातं म्हणे," त्या म्हणाल्या. "इकडे या. संगणक लावा."

सर आले, आपल्या खुर्चीत बसले. काकू त्यांच्या उजव्या अंगाला बसल्या. सरांनी डावा हात वल्ह्याच्या बटणावर ठेवला. काकूंनी आपला वळलेला उजवा हात डाव्या हाताने उचलून बाणांवर ठेवला. मग त्यांनी तो डावा, धडधाकट हात सरांपुढे पसरला.

"तो इकडे द्या."

"काय?"

"उजवा हात. द्या म्हणते ना."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ते कानापर्यंत लाल झाले होते. त्यांच्या पिढीच्या माणसांनी तिसऱ्यादेखत बायकोचा हात धरलेला मी तोवर पाहिला नव्हता, त्यांनीही धरला नसावा. मी उठायला लागले तर काकू म्हणाल्या, "तू बस गं. साक्षीला कोणीतरी हवं." सरांनी हात दिला. काकूंनी तो घट्ट धरून दोघांच्या मध्ये, खाली ठेवला.

होडी निघाली. पहिलं वळण कसंबसं गेलं. दुसऱ्यावर काकूंचं बोट अडलं, होडी तिरकी झाली, खडक समोर आला. सरांचा खांदा झटका बसल्यासारखा वर आला. हात सुटला नाही. काकू पडद्यावरून नजर न हलवता म्हणाल्या, "बसा." होडी आपटली, उलटली, पाण्याखाली गेली. वर नुसते बुडबुडे.

सरांनी डोळे मिटून घेतले होते.

"अहो, बघा," काकू म्हणाल्या. "बघा तर खरं."

बुडबुडे थांबले आणि ती दोन माणसं पाण्याबाहेर आली. काठावर चढली. एकाने सदरा पिळला, दुसऱ्याने पागोटं. मग दोघं शेजारी शेजारी पाय पसरून बसली. नदीवर हळूहळू संध्याकाळ झाली, पलीकडच्या झाडीतून बगळ्यांची रांग उडत गेली, आणि कोणीतरी बासरीसारखं काही वाजवू लागलं. सबंध गेममध्ये त्याहून देखणं दुसरं काही नव्हतं. मी आणि माझी मैत्रीण तर कितीदा मुद्दाम बुडायचो. ह्या दोघांनी ते एकदाही पाहिलेलं नसेल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"हे कधीपासून आहे?" सरांनी विचारलं.

"पहिल्यापासून, सर."

काकू हसायला लागल्या, आजारपणानंतर जरा एका बाजूला गेलेलं ते हसू, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बुडाले मी!" त्या म्हणाल्या. "बघितलंस ना तू? मी बुडाले!"

बगळे दिसेनासे होईपर्यंत आम्ही तिघं बघत बसलो. मग सरांनी उजवा हात हलकेच सोडवून घ्यायला पाहिलं. काकूंनी तो सोडला नाही.

"थांबा. परत एकदा बुडू या," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट मुठीतून सावकाश बाहेर आलं, थरथरत सरळ झालं, आणि कोणी मदत न करता बटणावर जाऊन टेकलं.